शिक्केवाल्या बाई

आम्ही पाच माणसं पाण्याच्या पंपाशेजारी राहायचो. विश्रांतवाडीतल्या एका सहा मजली सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली, वॉचमनची खोली असते तशी आमची खोली होती आणि तिच्या भिंतीला लागून पंप. पंप सुरू झाला की फळीवरची भांडी थरथरायची. आई बोलता बोलता थांबायची आणि पंप बंद झाला की राहिलेलं वाक्य पुरं करायची. वडील वॉचमन, आई त्याच इमारतीत चार घरची धुणीभांडी करणारी, मी आणि दोन धाकटे भाऊ. आम्ही मूळचे वाशिमकडचे. संडास पार्किंगमध्येच होता. ड्रायव्हर, माळी, गाड्या पुसणारे आणि आम्ही, सगळ्यांना मिळून एक. कडी तुटलेली. आत गेलं की एक हात दारावर, बाकी सगळं दुसऱ्या हातानं.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. पुढचं समजायला ती कडी आणि माझं जेवण, एवढं माहीत असायला हवं. जेवणाचं असं, की सकाळी चहाबरोबर एक पोळी, दुपारी शाळेची खिचडी आणि रात्री भात. मधली खिचडी हेच खरं जेवण होतं. शाळेत खिचडी आठवीपर्यंत मिळते. नववीत गेलं की मूल मोठं झालं असं धरतात आणि मोठ्यांनी घरून डबा आणायचा असतो. मी नववीत गेले तेव्हा खिचडी बंद झाली आणि डबा सुरू झाला नाही. हे मी घरी बोलले नाही, कारण बोलून डब्यात काही येणार नव्हतं.

शाळा सुटली की मी खो-खोला जायचे. तिथे या बाई होत्या.

बाई आमच्या शाळेच्या शिक्षिका नव्हत्या. एका सरकारी कचेरीत त्या आवक-जावकला कारकून होत्या. बाहेरून आलेल्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारायचा, नंबर घालायचा आणि तो योग्य टेबलावर पाठवायचा, हे त्यांचं काम. तरुणपणी खो-खो खेळलेल्या होत्या. साडेपाचला कचेरी सुटली की बसनं थेट मैदानावर. साडी, तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला रेक्झिनची काळी पिशवी. शिट्टी त्यांनी कधी वापरली नाही. "शिट्टी ट्रॅफिक पोलिसाला शोभते," म्हणायच्या. टाळी वाजवायच्या, आणि ती पलीकडच्या बसस्टॉपपर्यंत ऐकू जायची.

पिशवीत तीन वस्तू कायम असत. एक दोनशे पानी वही, एक स्टीलचा डबा आणि एक तारखेचा शिक्का, जांभळ्या शाईच्या पॅडसकट. शिक्क्याला रबराच्या छोट्या चकत्या होत्या. त्या फिरवून दिवस, महिना, वर्ष जुळवायचं. एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, हा ऑफिसातून आणला का?"

"ऑफिसातून टाचणीसुद्धा आणत नाही. अप्पा बळवंत चौकातून विकत आणलाय. बिल दाखवू?"

त्या वहीत प्रत्येक मुलीचं एक पान होतं. पानावर नाव नाही, पाठीवरचा नंबर. पाळी आली की त्या दिवशी मैदानावर येऊन आपल्या पानावर आपल्या हातानं शिक्का मारायचा. बस, एवढंच. बाई म्हणायच्या, "आलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद झाली पाहिजे. नोंद नसली की पुढे कोणीही म्हणायला मोकळं, असं काही आलंच नव्हतं."

नव्या मुली पहिल्यांदा लाजायच्या. बाईंना लाज या प्रकाराचं कुतूहलही नव्हतं आणि रागही नव्हता. त्यांना फक्त आडून बोललेलं चालत नसे.

"बाई, मला प्रॉब्लेम आलाय."

"कुठला? गणितातला असेल तर शाळेत विचार."

"तसा नाही. म्हणजे... कावळा शिवलाय."

"कुठंय कावळा?" बाई मान वर करून बदामाच्या झाडाकडे बघायच्या. चांगलं मिनिटभर बघायच्या. बाकीच्या मुलीही बघायच्या. "मला तर दिसत नाही. तुला दिसला तर सांग, हाकलू."

शेवटी ती मुलगी हळूच म्हणायची, "पाळी आलीये."

"हं. मग मार शिक्का. आणि दोन फेऱ्या जास्त मार. पाळी आली म्हणून नाही, कावळ्याला मध्ये आणलंस म्हणून."

सराव करायचा की नाही हे ज्या त्या मुलीवर सोडलेलं होतं. पोटात दुखत असेल तर बसावं. पण बसायचं ते मैदानाच्या चुन्याच्या रेषेच्या आत. आमच्यातल्या निम्म्या मुलींच्या घरी त्या दिवसांत बाहेर बसवायचे. माझी आई तर एवढ्याशा खोलीत बाहेर कुठे बसणार, म्हणून दाराशी पोतं टाकून त्यावर बसायची आणि वडील भात लावायचे. बाईंचा नियम उलटा. पहिल्याच दिवशी एक मुलगी सवयीनं रेषेबाहेर जाऊन बसली, तर बाईंनी टाळी वाजवून अख्खा खेळ थांबवला.

"तिकडे काय आहे?"

"काही नाही बाई."

"मग इकडे ये. काही नाही तिथे जाऊन बसायचं नसतं."

रेषेच्या आत बसलेल्या मुलीला काम असे. गुण लिहायचे, वेळ बघायची. आणि डब्यातलं खायला मिळायचं. डब्यात गूळ, भाजलेले शेंगदाणे आणि खजूर. ज्या मुलीनं शिक्का मारला तिला पाच दिवस, रोज मूठभर गूळ-शेंगदाणे आणि दोन खजूर. बाकीच्यांना नाही. "रक्त जातंय तिचं, तुमचं नाही," एवढंच कारण बाई द्यायच्या.

त्या डब्याकडे मी पूर्ण सातवी-आठवी लांबून पाहिलं होतं.

शाळेच्या मुलींच्या संडासाची कडीही बाईंनीच बसवून घेतली. त्या शाळेशी त्यांचा काही संबंध नव्हता, फक्त मैदान वापरायच्या. पण मुलींनी सांगितलं की कडी नाही, म्हणून कोणी शाळेत पॅड बदलत नाही, सकाळचं संध्याकाळपर्यंत तसंच ठेवतात. बाईंनी दुसऱ्या दिवशी अर्ज दिला. विषय: मुलींच्या स्वच्छतागृहास आतून कडी बसविणेबाबत. कारण: पाळीच्या दिवसांत दर चार-पाच तासांनी कपडा अथवा पॅड बदलणे आवश्यक असल्याने. मुख्याध्यापकांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

"बाई, हे जरा सौम्य शब्दांत लिहिता आलं असतं."

"कडी याच्यापेक्षा सौम्य शब्द मला सापडला नाही. आपण सुचवा, मी दुरुस्त करते."

अर्ज कचेऱ्यांत कसे हरवतात हे बाईंना आतून माहीत होतं. म्हणून त्या प्रत्येक अर्जाची पोच घ्यायच्या, पंधरा दिवसांनी त्या पोचेचा नंबर घालून स्मरणपत्र द्यायच्या, त्या स्मरणपत्राची पुन्हा पोच. सहाव्या स्मरणपत्राला कडी बसली. त्यानंतरचं पत्र त्यांनी आभाराचं दिलं आणि त्यात लिहिलं की आता झाकणाची कचरापेटी.

शिकवायच्याही अशाच. एका शनिवारी सगळ्यांना गोल बसवून त्यांनी पिशवीतून एक जुनी सुती साडी काढली. तिचा एक तुकडा फाडून घडी घातली आणि तिच्यावर कपभर चहा ओतला. मग विकतचं पॅड काढून त्याच्यावरही कपभर चहा.

"कोण कमी शोषतंय?"

आम्ही वाकून पाहिलं. दोन्ही सारखेच भिजले होते.

"ज्याला जे परवडतं ते वापरा. मला दोन्ही सारखे. कपडा वापरलात तर सुती, स्वच्छ. आधी गार पाण्यात धुवायचा, मग साबण, आणि वाळत घालायचा उन्हात. परकराखाली लपवून नाही. दमट राहिला की खाज, जंतू, सगळं मागं लागतं. पॅड असेल तर कागदात गुंडाळून पेटीत. संडासात टाकलंत तर तुंबतो, मग मी सफाई कामगाराला काय तोंड दाखवू? आधी आणि नंतर हात धुवायचे. आंघोळ रोज. पहिली दोन वर्षं तारीख मागे-पुढे होते, घाबरायचं नाही. पण उभं राहवणार नाही एवढं दुखलं किंवा तासाला पॅड भिजायला लागलं, तर डॉक्टर. आईला सांगा, आई ऐकत नसेल तर मला सांगा. शंका?"

एकीनं विचारलं, "बाई, लोणच्याला हात लावला तर नासतं का?"

"मी तीस वर्षं दर महिन्याला लावतेय. लोणचं माझ्या हातचं कोणी खाल्लेलं नाही, ते वाईट होतं म्हणून. पण नासलेलं नाही."

सगळंच त्यांना जमलं असं नाही. सात नंबरची एक मुलगी होती, आमच्यातली सगळ्यात चांगली पळणारी. तिची पहिली पाळी आली, तिनं शिक्का मारला आणि दुसऱ्या दिवसापासून घरच्यांनी तिला मैदानावर पाठवणं बंद केलं. बाई तीनदा तिच्या घरी गेल्या. तिसऱ्या वेळी तिच्या वडिलांनी दार उघडलं नाही. त्यानंतर बाईंनी सात नंबर कुणालाच दिला नाही. तिच्या पानावर एकच शिक्का राहिला. आम्ही सहावरून एकदम आठ मोजायला शिकलो, एवढंच.

आता माझं.

नववीच्या जुलैत एका संध्याकाळी सरावाच्या आधी माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सकाळच्या पोळीनंतर पोटात काही नव्हतं. डबा समोर उघडा होता. बाईंनी नेहमीसारखं विचारलं, "आज कोणाची नोंद?" आणि मी हात वर केला.

मला पाळी आली नव्हती. माझ्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांना आली होती, मला नाही. पण मी शिक्का घेतला, चकत्या नीट आहेत का पाहिलं आणि माझ्या, आठ नंबरच्या पानावर मारला. बाईंनी मूठभर गूळ-शेंगदाणे हातावर ठेवले, वर दोन खजूर. मी रेषेच्या आत बसून खाल्ले. मला वाईट वाटलं नाही. चव छान होती, एवढं आठवतं.

मग दर महिन्याला. बाईंनी सांगितलं होतं की पाळी साधारण अठ्ठावीस दिवसांनी येते. गणित माझं चांगलं. घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी अठ्ठावीस दिवस मोजायचे आणि बरोबर त्या दिवशी शिक्का मारायचे. वारसुद्धा दर वेळी तोच. पाच दिवस खायचे आणि तेवीस दिवस वाट बघायचे. इतकंच नाही, नव्या मुलींना सल्लेही द्यायचे. "पहिल्या दिवशी कंबर दुखते, गरम पाण्याची पिशवी घे," वगैरे. पाचवीतली एक मुलगी मला फार मानायची.

घरी उलटं चाललं होतं. आई दर महिन्याला माझ्याकडे बघायची आणि काही बोलायची नाही. चौदा संपलं, पंधरावं पुरं झालं. मग माझी आत्या गावाहून आली. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि आईला म्हणाली, "पोट्ट्यावानी पळते, म्हनून अशी झाली. सारं आतल्या आत वाळून गेलं असंन. गावी आणून ठेव माह्यापाशी. औषध देऊ, देवीले नेऊ. आन् एकदा आली का मंग पाहू पुढचं." पुढचं म्हणजे लग्न, हे न समजण्याएवढी मी लहान नव्हते. आणि गावी म्हणजे शाळा बंद, हेही स्पष्ट होतं. आत्याच्या गावात शाळा सातवीपर्यंत.

उन्हाळ्याच्या सुट्टीतला सराव सुरू होता. एका संध्याकाळी आई मैदानावर आली. ती याआधी कधीच आली नव्हती. पदर नीट घेऊन, चपला रेषेबाहेर काढून ती बाईंपुढे उभी राहिली. बाईंच्या मांडीवर वही उघडी होती. मी खांबाजवळ होते, दहा पावलांवर, आणि मला पळून जाता येईना.

"बाई, माह्या पोरीले उद्यापासून नका बलावू."

"का बरं? बसा ना."

आई बसली नाही. आवाज खाली करून म्हणाली, "तिले पंधरा पुरे झाले. अजून तिची पाळी नाई आली. एकदाबी नाई. ननंद म्हन्ते, धावण्यानं झालं. गावी नेतो आम्ही तिले."

बाईंनी वहीकडे पाहिलं. वहीत आठ नंबरच्या पानावर दहा शिक्के होते, एकाखाली एक, जांभळे, सरळ रांगेत. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वही मिटली.

मला वाटलं, आता संपलं. आईच्या देखत त्या मला विचारणार, आई तिथेच दोन ठेवून देणार आणि सगळ्या मुली बघणार.

"एकदाही नाही, हे तुम्हाला नक्की माहीत आहे?" बाईंनी आईलाच विचारलं.

"मायच हाव मी तिची. एका खोलीत ऱ्हातो. मले नाई समजनार तं कोनाले?"

"बरोबर आहे. मग हे देवीचं काम नाही आणि गावचंही नाही. पंधरा पुरी झाली आणि आली नाही, तर डॉक्टरला दाखवायचं असतं. माझ्याकडून आधीच व्हायला हवं होतं. उद्या सकाळी दवाखान्यात जाऊ. तुम्ही, मी आणि ही. मी अर्धी रजा टाकते. डॉक्टर म्हणाल्या खेळ बंद, तर बंद. मी स्वतः तिचा नंबर काढून घेईन."

आई जरा घुटमळली. ती भांडायच्या तयारीनं आली होती. बाई भांडल्याच नाहीत. "येतो," म्हणाली आणि चपला घालून गेली.

मुली गेल्यावर बाईंनी मला बोलावलं. पाकिटातून एक चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. तिच्यावर त्यांच्या अक्षरात तीन तारखा लिहिलेल्या होत्या. पहिल्या दोन होऊन गेलेल्या, तिसरी पुढच्या आठवड्यातली. तिन्ही माझ्या.

"मार्चमध्ये लिहून ठेवली ही चिठ्ठी," बाई म्हणाल्या. "तू केव्हा येणार हे मला तुझ्याआधी माहीत असायचं. एवढी वेळेवर तर आळंदीची बस येत नाही. पहिल्या वर्षात कोणाचीच पाळी अशी घड्याळ लावून येत नाही. माझी अजून येत नाही."

मी चिठ्ठीची घडी घातली.

"का केलंस? हसल्या का बाकीच्या तुला?"

"नाही."

"मग?"

"शेंगदाणे," मी म्हणाले.

समोर बदामाच्या झाडाखाली एक माणूस स्कूटर किक मारून मारून थकला होता, त्याच्याकडे बाई बघत राहिल्या.

"मार्चमध्ये कळलं मला की खोटं आहे," मग म्हणाल्या. "मला वाटलं, मोठं दिसायची हौस असेल. जाईल. दोन महिने गंमत बघितली मी. माझी चूक आहे ती. पण एक ऐक. भूक लागली तर भूक लागली म्हणायचं. पाळी आली म्हणायचं नाही. दोन्ही तोंडानं सांगायच्या गोष्टी आहेत. एक लपवायला दुसरी पुढे करायची नाही."

मग त्यांनी माझ्या पानावर दहाही शिक्क्यांवर लाल पेनानं तिरकी रेघ मारली, प्रत्येकाशेजारी 'रद्द' लिहिलं आणि दहा वेळा सही केली. मी म्हणाले, "बाई, पान फाडून टाकू का?"

"रद्द झालेला कागद फाडायचा नसतो. फाइलीत राहतो. तसाच राहू दे."

आईला त्यांनी हे कधीच सांगितलं नाही. मी स्वतः सांगितलं, पण ते नोकरी लागल्यावर.

दवाखाना महापालिकेचा होता. डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं, वजन केलं, रक्त काढलं. हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. त्यांनी आईला विचारलं, "ही दिवसभरात काय खाते?" आईनं सांगायला सुरुवात केली आणि मधेच थांबली. पंप सुरू झाल्यावर थांबायची तशी. फक्त तिथे पंप नव्हता.

डॉक्टर म्हणाल्या, बाकी सगळं ठीक दिसतंय, अंग भरायला लागलंय, पण अंगात रक्त नाही आणि वजन नाही. लोहाच्या गोळ्या, जंताची गोळी, पालेभाजी, डाळ, जमलं तर अंडं. खेळ बंद करायची गरज नाही, उपाशी खेळणं बंद करायचं. सहा महिने वाट बघा, मग पुन्हा दाखवा.

"मंग सहा महिन्यांत येईन का?" आईनं विचारलं.

"येईल असं मला वाटतं. तारीख मी देऊ शकत नाही."

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "तारीख न देणारं सरकारी खातं पहिल्यांदा पाहिलं." आई हसली नाही. पण त्या दिवसापासून इमारतीतल्या एका घरी काम करताना मिळणारी दुपारची पोळी-भाजी ती तिथे न खाता फडक्यात बांधून मला द्यायला लागली. मग ती स्वतः काय खायची, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मैदानावरचा नियमही बदलला. सरावाच्या आधी सगळ्या मुलींना मूठभर गूळ-शेंगदाणे, रोज. शिक्का मारलेल्या मुलीला वर दोन खजूर. बाईंनी कारण सांगितलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "कार्यालयीन आदेश."

सहा महिने झाले. दिवाळी आली. पाळी आली नाही.

आत्या मात्र आली. खोलीत बसून तिनं चहा घेतला आणि म्हणाली, "झाले ना तुह्ये सहा महिने? आता पोरीचे कपडे बांध." वडील दाराशी उभे होते. ते अशा बोलण्यात पडत नसत. मी भावाचा अभ्यास घेत होते, म्हणजे वही उघडी होती आणि मी त्याच ओळीवर होते.

आईनं डब्यातून एक कागद काढला. दवाखान्यातला, दुसऱ्या तपासणीचा. तिला वाचता येत नाही, पण कुठला आकडा कुठे आहे हे तिला माहीत होतं. त्यावर बोट ठेवून म्हणाली, "साडेआठ होतं. आता अकरा झालं. डॉक्टरीन म्हन्ते, रक्त आलं म्हंजे तेबी येईन. पोरगी दहावीले हाय. कुठीसा नाई जात ते."

"आन् नाई आली तं?"

"नाई आली तं मोठ्या दवाखान्यात नेईन. देवीले तुमी जाऊन या."

आत्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेली. त्या दिवशी आई मला बाईंसारखी वाटली. तसं मी तिला म्हणाले नाही.

जानेवारीत, सोळा पुरं व्हायला दोन महिने असताना, एका गुरुवारी बीजगणिताच्या तासाला मला पाळी आली. मी हात वर करून बाहेर गेले. दप्तराच्या आतल्या कप्प्यात दीड वर्षापासून धुतलेल्या सुती कपड्याची घडी होती, ती घेतली. शाळेच्या संडासाला आतून कडी होती. कडी लावली. दोन्ही हात मोकळे होते. सगळं नीट केलं, हात धुतले आणि पुढचं गणित सोडवलं. घाबरायला काही शिल्लकच राहिलं नव्हतं. तीन वर्षं मी हेच ऐकत होते आणि दहा महिने तर दुसऱ्यांना शिकवत होते.

संध्याकाळी मैदानावर गेले.

"आज कोणाची नोंद?"

मी हात वर केला. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नक्की? की भूक लागली?"

"भूक पण लागलीये," मी म्हणाले. "पण ही खरी आहे."

बाईंनी वही पुढे केली. आठ नंबरचं पान. वर दहा रद्द शिक्के. त्यांच्याखाली मी अकरावा मारला. तो जरा तिरका आला. बाईंनी तो वाळेपर्यंत फुंकर घातली. एरवी त्या तसं करत नसत. मग डबा उघडला आणि दोन खजूर दिले.

"पुढची तारीख मी लिहून ठेवत नाही," म्हणाल्या. "येईल तेव्हा ये."

पुढची एकेचाळीस दिवसांनी आली. त्याच्या पुढची चोवीस. बाई खूश होत्या.

बाई आता निवृत्त झाल्यात, बिबवेवाडीला भाचीकडे राहतात. गुडघे गेलेत, मैदानावर येत नाहीत. फोन केला तर "हॅलो"च्या आधी "बोल, विषय काय?" म्हणतात. वही आणि शिक्का त्यांनी माझ्याकडे दिला. रविवारी सकाळी मी आणि आमच्या टीममधली आणखी एक जण मैदानावर जातो. शिक्क्याच्या वर्षाच्या चकतीवरचे आकडे संपत आले होते, म्हणून मी नवा आणला. बिल ठेवलंय.

मी गावी गेले नाही. दहावी झाले, बारावी झाले, वाणिज्य शाखेची पदवी घेतली. आमच्या घरात, आईच्या आणि वडिलांच्या दोन्हीकडच्या माणसांत, पदवी घेतलेली मी पहिली. खराडीला एका कंपनीत नोकरी करते. पंपाशेजारची खोली सोडून आम्ही दोन खोल्यांच्या घरात राहतो. तिथे संडास आमचा आहे आणि त्याला आतून कडी आहे.